लेकीच्या लग्नाआधी चेहऱ्याला इंजेक्शने: घ्यावीत का, कोणती आणि कोणाकडून?

सांगलीच्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ५४ आहे. चार वर्षांपूर्वी पाळी थांबली, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्यापासून त्या रोज इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी, घेतात. मुलीचे लग्न फेब्रुवारीच्या अखेरीस आहे. त्या लिहितात, "भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा इतक्या खोल झाल्या आहेत की वर्गातली मुले 'बाई, रागावलात का?' असे विचारतात. गालांवर वांग आहे, डोळ्यांखाली फुगल्यासारखे दिसते आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घड्या उतरल्या आहेत. मी वर्षानुवर्षे जाते त्या पार्लरमध्ये एक पॅकेज आहे. त्यात बोटॉक्स, फिलर, सॅल्मन डीएनए आणि ग्लो ड्रिप असे चार उपचार येतात. दर रविवारी बाहेरून डॉक्टर येतात. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत आहे. इकोस्प्रिन दहा दिवस आधी बंद करा, असे तिथे सांगितले आहे. मुलगी 'घे' म्हणते आणि तिचे बाबा म्हणतात की सासू व्हायच्या वयात ही थेरं कशाला? मी काय करावे? आणि एकदा सुरू केले की जन्मभर घ्यावे लागते, नाहीतर चेहरा आधीपेक्षा म्हातारा दिसतो, हे खरे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत गंभीर मजकूर इकोस्प्रिनविषयीचा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. ती गोळी बंद करू नका. तुमच्या हृदयाच्या धमनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी ती दिलेली असते आणि ती थांबवण्याचा निर्णय फक्त तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो. ही गोळी चालू असताना चेहऱ्यात सुई टोचली तर काळानिळा डाग पडण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण तो डाग आठ-दहा दिवसांत विरतो आणि तोवर थोड्या कन्सीलरने झाकतो. एवढ्यासाठी अँजिओप्लास्टी झालेल्या बाईला हृदयाचे औषध सोडायला सांगणाऱ्या माणसाने तुमच्या आजाराची माहिती नीट विचारलेली नाही, किंवा विचारून तिचा अर्थ लावलेला नाही. दोन्ही शक्यतांमध्ये त्याच्या हाती सुई देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. ते पॅकेज घेऊ नका. त्यातल्या चार उपचारांपैकी पहिला, म्हणजे भुवयांमधल्या रेघांसाठीचे बोट्युलिनम टॉक्सिन, तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल. तो योग्य जागी आणि वेळेत घ्यायला माझी हरकत नाही. फिलर, म्हणजे घड्या व खळगे भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचे जेल, निदान लग्नाआधी नको. सॅल्मन डीएनए घेतले नाही तरी तुमचे काही बिघडत नाही. ग्लो ड्रिप तर मुळीच नको. तुम्हाला खुपणारे वांग मात्र या चारांपैकी एकाही इंजेक्शनाने जाणार नाही आणि त्याचे उपचार या आठवड्यातच सुरू व्हायला हवेत.

असे मी का म्हणते, ते समजण्यासाठी चेहरा कसा उतरतो हे थोडे पाहावे लागेल. वय होते तेव्हा चेहऱ्यात एकाच वेळी पुष्कळ निरनिराळे बदल होत असतात. त्वचेला ताण देणारे कोलॅजन कमी होते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत ते जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते, असे मानले जाते, म्हणजे तुम्ही सध्या नेमक्या त्याच काळातून जात आहात. त्वचेखालच्या चरबीच्या लहान लहान गाद्या काही ठिकाणी आटतात आणि काही ठिकाणी खाली सरकतात. गालाचे व जबड्याचे हाडही झिजते, त्यामुळे वरच्या कातडीचा आधार जातो. भुवयांमधले स्नायू आयुष्यभर आकुंचन पावत राहिल्याने तिथे घडी पडते. या सगळ्यावर ऊन आपला हिशेब मांडते. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवताना खिडकीच्या काचेतून ऊन येणाऱ्या बाजूचा त्याचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरून गेला होता आणि दुसरा अर्धा त्या मानाने कितीतरी तरुण दिसत होता. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात, पण उन्हाचे देणे आपण डाग, वांग आणि असमान रंग यांच्या रूपाने चुकते करतो. तुम्ही कित्येक वर्षे दुचाकीवरून शाळेत जाता, असे पत्रात एके ठिकाणी ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने ती ओळ फार महत्त्वाची आहे.

स्नायूमुळे पडलेली घडी, आटलेली चरबी, पातळ झालेली त्वचा आणि साचलेला रंग हे चार वेगळे दोष आहेत आणि एका दोषाचे इंजेक्शन दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणूनच चेहरा न तपासता सर्वांना सारखेच विकले जाणारे पॅकेज मला मान्य नाही.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे. त्यातले औषध म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून मिळणारे, शुद्ध केलेले आणि अतिशय अल्प मात्रेत वापरले जाणारे विष. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन ते सुटूच देत नाही, म्हणून तो स्नायू काही महिने शिथिल राहतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरण्यासाठी विकसित केले आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांचा शोध त्या वाटेवरच लागला. कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या विकारासाठी हे इंजेक्शन देत असताना रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा झाल्याचे दिसून आले. त्यांचे पती डॉ. ॲलिस्टर कॅरुदर्स त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून त्याचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत २००२ साली अधिकृत मान्यता मिळाली. इतका इतिहास सांगण्याचे कारण असे की तुमची मुख्य तक्रार ज्या जागेची आहे, त्याच जागेवर हे औषध सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत काटेकोरपणे तपासले गेले आहे.

या जागेची बोटॉक्सची नेहमीची मात्रा २० युनिट असून ती ५ ठिकाणी विभागून देतात. डिस्पोर्ट नावाचे दुसरे उत्पादन वापरले तर त्याच कामासाठी ५० युनिट लागतात, कारण दोन्ही कंपन्यांचे युनिट सारखे नाहीत. एखादी बाई 'मला पन्नास दिले आणि तुला वीसच' असे म्हणाली, तर त्यात फसवणूक असेलच असे नाही. मात्र कोणते उत्पादन आणि किती युनिट, हे तुम्ही आधी विचारलेच पाहिजे. परिणाम तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जाणवू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात आणि तो साधारण तीन-चार महिने टिकतो. कपाटात वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेल्या साडीची घडी मोडली, तरी तिच्यावरची रेघ लगेच जात नाही. तसेच तुमच्या रेघा चेहरा शांत असतानाही दिसत असतील, तर त्या उथळ होतील, पण पहिल्याच वेळी पूर्ण पुसल्या जाणार नाहीत. वर्गातल्या मुलांचा प्रश्न थांबायला तेवढा फरक पुरेल.

दुष्परिणामांमध्ये सुई टोचल्याच्या जागी सूज किंवा डाग, एखादा दिवस डोके दुखणे आणि क्वचित एका डोळ्याची वरची पापणी खाली येणे यांचा समावेश होतो. पापणी पडणे हा प्रकार औषध नको त्या स्नायूपर्यंत पोहोचल्याने होतो. काही आठवड्यांत तो आपोआप सुधारतो, पण ते आठवडे नेमके लग्नाचे असले तर फोटोंमध्ये कायमचे उतरतात. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असलेल्यांनी हे औषध घेऊ नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनाही ते देत नाहीत. या दोहोंचा तुमच्याशी संबंध नाही. मधुमेहामुळे या इंजेक्शनाला मज्जाव होत नाही, फक्त साखर आटोक्यात हवी, म्हणून अलीकडच्या एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेच्या, तपासणीचा कागद सोबत न्या.

फिलरवर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक ठिकाणी याची जोखीम 'थोडी सूज येते' एवढ्यावर उरकली जाते. आज सर्वाधिक वापरले जाणारे फिलर हायलुरॉनिक ॲसिडचे असते. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. नुसता टोचला तर शरीर तो लवकरच पचवून टाकते, म्हणून त्याचे रेणू रासायनिक रीतीने एकमेकांत गुंफून घट्ट जेल तयार करतात, जे सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकते. अमेरिकेत या प्रकारच्या फिलरला २००३ मध्ये पहिली मान्यता मिळाली. गालाचा आधार गेल्यामुळे नाकाशेजारची घडी खोल झाली असेल, तर कुशल डॉक्टर घडीत न भरता गालाच्या हाडाजवळ थोडेसे फिलर देतात आणि घडी आपोआप हलकी होते. नीट केलेले काम ओळखूही येत नाही, हे मी मान्य करते. या उपचाराला मी सरसकट वाईट म्हणत नाही.

धोका रक्तवाहिन्यांचा आहे. नाकाच्या कडेने वर जाणारी चेहऱ्याची धमनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या फांद्यांना जाऊन मिळते. सुईचे टोक चुकून धमनीत गेले आणि दाब देऊन जेल सोडले, तर ते रक्ताच्या उलट दिशेने ढकलले जाऊन डोळ्याच्या धमनीपर्यंत पोहोचू शकते आणि दाब सुटताच प्रवाहाबरोबर दृष्टिपटलाच्या धमनीत जाऊन अडकते. रक्त थांबल्यावर दृष्टिपटल फार तर दीड तास तग धरते, बहुधा त्याहूनही कमी. गेलेली दृष्टी परत येण्याची उदाहरणे थोडी आहेत. भुवयांमधली जागा, नाक आणि कपाळ हे यातले सर्वांत धोक्याचे भाग असून नाकाशेजारच्या घड्यांचा क्रमही फार मागे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या संदर्भात डॉक्टरांना व लोकांना इशारा दिला होता. असे प्रसंग दुर्मिळ आहेत आणि मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण दुर्मिळ प्रसंगाची तयारी ज्या खोलीत नाही, त्या खोलीत हे काम होऊ नये.

त्या तयारीचा मुख्य भाग म्हणजे हायलुरॉनिडेज हे विकर. ते टोचले की हायलुरॉनिक ॲसिडचे जेल विरघळते. फिलर देताना त्वचा अचानक पांढरी पडली, तीव्र कळ आली किंवा थोड्या वेळाने जाळीसारखी जांभळट नक्षी उमटली, तर रक्तप्रवाह अडल्याची ती खूण असते आणि त्या क्षणी काम थांबवून हायलुरॉनिडेज द्यावे लागते. ती कुपी त्याच खोलीत आणि वैध मुदतीची हवी. ते वापरायला शिकलेला माणूस तिथे हजर हवा आणि तो दुसऱ्या दिवशीही सापडायला हवा, कारण त्वचेचा रक्तपुरवठा अडल्याची लक्षणे काही वेळा उशिरा ठळक होतात. रविवारी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या पाहुण्या डॉक्टरांबद्दल माझा मुख्य आक्षेप हाच आहे. सोमवारी सकाळी गाल जांभळा दिसला तर तुम्ही कोणाकडे जाल? पार्लरच्या मालकीणबाई कितीही भल्या असल्या, तरी त्या बर्फ लावायला सांगतील. आणखी एक, कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडची जी फिलर असतात, ती या विकराने विरघळत नाहीत, त्यामुळे 'फिलर म्हणजे फिलर' असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. सुईशिवाय दाबाने ओठांत फिलर भरणारे 'हायलुरॉन पेन' काही ठिकाणी दाखवतात. ते वापरू नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

तुमच्या बाबतीत तर डोळ्यांखाली फिलर देण्याचा विचारही मला पटत नाही. तिथे खड्डा असेल तर फिलर उपयोगी पडते, पण तुमच्याकडे फुगवटा आहे. हायलुरॉनिक ॲसिड पाणी ओढते आणि फुगवटा वाढवते. शिवाय पापणीखालची त्वचा इतकी पातळ असते की उथळ टोचलेले जेल बाहेरून निळसर दिसते. आधी हा फुगवटा चरबीचा आहे, पाण्याचा आहे की थायरॉइड अथवा मूत्रपिंडाशी संबंधित आहे, हे पाहावे लागेल. मधुमेह असलेल्या व्यक्तीने ही तपासणी सौंदर्याचा विषय बाजूला ठेवूनही करून घ्यावी.

सॅल्मन डीएनए या नावाने जे विकले जाते, ते सॅल्मन किंवा ट्राउट माशाच्या शुक्रपेशींमधून काढलेले पॉलिन्यूक्लिओटाइड असते. कोरियात ते लोकप्रिय झाले आणि तिथून आपल्याकडे आले. त्वचेचा पोत व ओलावा सुधारतो, असे काही लहान अभ्यास सांगतात, पण बोट्युलिनमच्या पाठीशी जितका पुरावा आहे त्याच्या जवळपासही हा नाही. मासे न खाणाऱ्या घरातल्या स्त्रियांना तो कशाचा बनतो हे बहुधा सांगितलेही जात नाही. सांगितले पाहिजे. याच गटात स्किन बूस्टर येतात, म्हणजे आकार न भरता त्वचेला ओलावा देणारे पातळ हायलुरॉनिक ॲसिड. त्याचा कोरड्या, बारीक सुरकुत्यांच्या त्वचेवर माफक परिणाम होतो, तो एका महिन्याच्या अंतराने दोन-तीन वेळा घ्यावा लागतो आणि खर्च मात्र माफक नसतो. तुमच्या पत्रात पीआरपीचा उल्लेख नाही, पण तो पुढे सुचवला जाईलच. स्वतःचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटयुक्त भाग चेहऱ्यात टोचायचा, हा तो उपचार. रक्त आपलेच असल्याने ॲलर्जीचा प्रश्न नसतो, परंतु रक्ताची हाताळणी म्हटली की निर्जंतुकीकरण आले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये याच प्रकारच्या उपचारातून तीन स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

ग्लो ड्रिप म्हणजे बहुतेक वेळा ग्लुटाथायोन, जोडीला जीवनसत्त्व क. शिरेतून दिलेल्या ग्लुटाथायोनने रंग सुरक्षितपणे आणि टिकाऊपणे उजळतो, याला भक्कम आधार नाही. उलट तीव्र ॲलर्जी आणि मूत्रपिंडाचे त्रास यांची भीती आहे. तुम्हाला मधुमेह आहे. याहून जास्त शब्द या विषयावर खर्च करावेत असे मला वाटत नाही.

डॉक्टर कसा निवडावा, याविषयी. बोट्युलिनमसाठी त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही., डी.व्ही.डी. झालेले डॉक्टर अथवा प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. झालेले शल्यविशारद पाहा. त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाटीवर आणि चिठ्ठीवर असायला हवा आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. भिंतीवरची 'इंटरनॅशनल सर्टिफाइड एस्थेटिक' अशी प्रमाणपत्रे दोन दिवसांच्या कार्यशाळेचीही असू शकतात, तेव्हा त्यांच्या सोनेरी किनारीकडे पाहू नका. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. तिच्यावरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा आणि तिचे स्टिकर आपल्या कागदावर लावून मागा. हे औषध सहसा २ ते ८ अंश तापमानात जपावे लागते, त्यामुळे ते फ्रिजमधून येते की कोणाच्या पर्समधून, हे पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलपर्यंत ११ राज्यांत मिळून २२ जणांना बनावट किंवा गैररीतीने दिलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला आणि त्यांतल्या ११ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या सगळ्यांनी इंजेक्शन परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीकडून अथवा घर, स्पा अशा ठिकाणी घेतलेले होते. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त आणि महिनाअखेरच्या सवलतीत मिळणारे औषध म्हटले की मला हीच बातमी आठवते. सवलत साडीवर घ्यावी. चांगला डॉक्टर पहिल्या भेटीत तुम्हाला रिकामे परत पाठवायला कचरत नाही. पहिल्याच दिवशी आगाऊ पैसे भरा म्हणणाऱ्याकडून उठून यावे. मेडिक्लेममध्ये हा खर्च बसत नाही, हेही गृहीत धरा.

आता वांगाकडे येऊ. यावरचा पहिला उपचार सनस्क्रीन आहे आणि तो सर्वांत कमी गांभीर्याने घेतला जातो. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर इथे प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या एका चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वृद्धत्व मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मी प्रत्येक पॅकेजच्या पत्रकावर छापायला लावला असता. वांग साध्या प्रकाशानेही वाढते, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन निवडा. ते चेहरा व मान यांना पुरेसे भरपूर लावा आणि मधल्या सुट्टीत पुन्हा लावा. दुचाकीवर हेल्मेटची काच गडद असली तरी हे टाळू नये. रात्री लावायची ट्रेटिनॉइनसारखी मलमे कोलॅजनसाठीही चांगली असतात, पण ती आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात आणि परिणाम दिसायला तीन-चार महिने जातात. म्हणून लग्नापर्यंत निम्मा फरक पडला तरी समाधान माना. ही औषधे चिठ्ठीवरच घ्या. मैत्रिणीने सांगितलेल्या 'गोरे करणाऱ्या' मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने महिनाभर चेहरा सुरेख दिसतो आणि मग त्वचा लाल, पातळ व केसाळ होते. वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने सुचवली जातात. ते औषध रक्ताची गुठळी टिकवून धरते, त्यामुळे स्टेंट असलेल्या व्यक्तीने हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. खासगी तपासणीचा खर्च नको असेल, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येईल.

इंजेक्शन थांबवले तर चेहरा आधीपेक्षा म्हातारा दिसतो का, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. बोट्युलिनमचा परिणाम ओसरला की स्नायू पूर्वीसारखा काम करू लागतो आणि रेघ पूर्वीच्या जागी परत येते. मधल्या महिन्यांत तिथे घडी न पडल्याने ती किंचित उथळच असू शकते. बिघडते ते आपले डोळे. सपाट कपाळाची सवय झाली की जुने कपाळ परके वाटते आणि मग दर चार महिन्यांनी पाऊल तिकडे वळते. त्यात पैसे जातात, शिवाय मात्रा व जागा वाढवत नेण्याचा मोह होतो. तुम्ही एकदाच घेऊन थांबलात, तरी काही नुकसान नाही.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यात थोडी काळजी आणि थोडी चेष्टा असावी, असा माझा तर्क आहे. केस रंगवण्याला, दात बसवून घेण्याला किंवा चष्म्याची चांगली फ्रेम निवडण्याला आपण थेर म्हणत नाही. स्वतःच्या पैशाने, पूर्ण माहिती घेऊन, स्वतःच्या चेहऱ्यासाठी घेतलेल्या निर्णयाला वयाची अट लावण्याचे मला कारण दिसत नाही. फक्त लेकीच्या आग्रहासाठी किंवा व्याह्यांच्या नजरेसाठी घेत असाल, तर थांबा. हौस दोघींची असली तरी सुई तुमच्याच कपाळात जाणार आहे. डॉक्टरांकडे जाताना यजमानांना बरोबर न्या. त्यांचे प्रश्न तिथे उपयोगीच पडतील.

वेळेचे गणित असे धरा. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची भेट, सनस्क्रीन आणि वांगाची औषधे. त्याच वेळी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून आपण काय घेणार आहोत ते कळवणे. डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या मध्यापर्यंत भुवयांमधले बोट्युलिनम घ्या, म्हणजे काही कमी-जास्त झाले तर दोन आठवड्यांनी दुरुस्तीला वाव राहतो आणि परिणाम लग्नात पूर्ण असतो. इंजेक्शननंतर चार तास आडवे होऊ नका, त्या दिवशी ती जागा चोळू नका आणि दोन-तीन दिवस फेशियल व वाफ टाळा. ओठांवर वरचेवर तापाचे फोड उठत असतील तर आधी सांगा. इंजेक्शननंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला अथवा एकाचे दोन दिसू लागले, तर पार्लरला किंवा मैत्रिणीला न विचारता थेट रुग्णालयात जा. १० फेब्रुवारीनंतर चेहऱ्यावर कोणताही नवा उपचार करू नका, मग तो साधा ब्लीच असला तरी. ट्रेटिनॉइन चालू असलेल्या त्वचेला हळद झोंबू शकते, म्हणून हळदीच्या चार दिवस आधी ते मलम थांबवा. हळद तुमच्या लेकीला लागायची असली, तरी करवल्या तुम्हालाही सोडणार नाहीत.